भरतीच्या पोरांसाठी फ्लॅट फूटचे इनसोल: पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत

अग्निवीरच्या तयारीतल्या पोरांच्या बॅगेत हल्ली बुटांबरोबर तळव्याला कमान देणारा इनसोल, म्हणजे बुटात घालायची आतली गादी, हमखास सापडतो. अकॅडमीत कुणीतरी पायाकडे बघून ‘तुझा फ्लॅट फूट आहे (म्हणजे तळव्याला कमान नाही, पाय सपाट आहे), मेडिकलला उडशील’ म्हणतं आणि त्याच रात्री मोबाइलवरून ऑर्डर जाते. दीड-दोनशे रुपयांच्या जेलच्या पट्ट्यापासून माप घेऊन बनवलेल्या चार-पाच हजारांच्या जोडीपर्यंत सगळं बाजारात आहे, आणि बऱ्याच जाहिरातींचा सूर एकच असतो: महिनाभर वापरा, कमान येईल, मेडिकल निघेल. ही वस्तू घ्यावी का, घ्यायची तर कुठली आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, ते इथे प्रकारवार देत आहोत.

निकाल आधीच सांगतो. धावताना ज्याच्या नडग्या किंवा तळवे दुखतात, त्याला योग्य मापाचा, मध्यम कडक फोमचा इनसोल ग्राउंडवर खरोखर मदत करतो. मेडिकलला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिथे तुम्ही अंडरवेअरवर आणि अनवाणी उभे असता. आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पायाला इनसोल घालून कमान येत नाही. पायाची कमान साधारण दहाव्या वर्षापर्यंत घडते, पुढे हाडांची ठेवण जवळपास तीच राहते. जो विक्रेता कमान आणून देण्याची हमी देतो, त्याच्याकडून साधा मोजाही घेऊ नये.

सपाट पाय म्हणजे सरळ अनफिट, हा समजही अर्धवट आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या यूपीएससीच्या एनडीए आणि सीडीएस परीक्षांच्या जाहिरातींना सैन्याचे वैद्यकीय निकष जोडलेले असतात. त्यांत पायाबद्दल नीट लिहिलेलं आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, चवड्यांवर उड्या मारता आणि धावता येत असेल, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर उमेदवार स्वीकारला जातो. ताठर सपाट पाय, टाच बाहेरच्या बाजूला कललेली असणं, चवड्यांवर तोल न सांभाळता येणं, पायाच्या मधल्या सांध्यांत दाबल्यावर दुखणं, घोट्याखाली आतल्या बाजूला हाड पुढे आलेलं दिसणं, या गोष्टी नापास करतात. पायाचा आकार कसाही असो, ताठरपणा हे नाकारण्याचं कारण आहे, असंही तिथे आहे. निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीसाठीच्या एसएससी जीडीच्या जाहिरातीत मात्र नॉक नी (गुडघे एकमेकांना टेकणं), फ्लॅट फूट, व्हेरिकोज व्हेन (पायाच्या फुगलेल्या शिरा) आणि तिरळेपणा नसावा, अशी एकच ओळ येते. दोन्हीकडे फॉर्म भरणाऱ्या पोरांनी म्हणून दोन्ही जाहिराती मुळातून वाचाव्यात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर जाऊ नये.

हा भेद डॉक्टर का करतात, ते समजून घेतलं तर इनसोलचा सगळा व्यवहारच उलगडतो. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. चवड्यांवर उठलं की अंगठा वर वळतो, पडदा त्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि मधली कमान वर उचलली जाते. त्याच वेळी पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने खाली येणारा स्नायू टाचेला आत वळवतो. वजन टाकल्यावर बसलेली कमान चवड्यांवर उठताच परत आली, तर ही यंत्रणा काम करते आहे. असा पाय अंगावर लढाईचं सामान आणि हातात रायफल घेऊन बीपीईटीची, म्हणजे सैन्यातल्या शारीरिक क्षमता चाचणीची, 5 किलोमीटरची दौड झेलू शकतो. ज्याची कमान तेव्हाही उठत नाही, त्याच्या टाचेची आणि पायाच्या मधल्या भागाची हाडं जन्मापासून एकमेकांना जुळलेली असू शकतात. बुटात काहीही सरकवलं तरी ती सुटत नाहीत.

म्हणून ऑर्डर देण्याआधी घरच्या घरी पाय तपासा. ओल्या पायाचा ठसा घेण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे: तळवा भिजवून कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं आणि आतली बाजू भरलेली उमटते का, ते बघायचं. पण त्यातून फक्त आकार कळतो, लवचिकता कळत नाही, आणि बरीच पोरं ठसा बघूनच घाबरतात. खरी तपासणी मागून होते. मित्राला मोबाइल जमिनीलगत, तुमच्या टाचांच्या उंचीवर धरायला सांगा. पावलं समांतर ठेवून उभे राहा, मग सावकाश चवड्यांवर उठा, पाच सेकंद थांबा आणि खाली या. व्हिडिओत दोन गोष्टी बघायच्या: उठताना टाच आत वळते का, आणि आतल्या बाजूला कमानीची पोकळी दिसते का. नंतर भिंतीला फक्त बोटं टेकवून हेच एकेका पायावर करा. शेवटी चवड्यांवर वीस उड्या. कुठेही कळ येता कामा नये.

आणखी एक मोजमाप घ्या, कारण ते सहसा कुणी घेत नाही. भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर अंगठ्याचं टोक ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकत नसेल तर पोटरी आखडलेली आहे. आखडलेली पोटरी घोट्याला पुरेसं वाकू देत नाही, मग ती कमतरता पाय कमान खाली दाबून भरून काढतो. अशा पोराचा पाय असतो त्यापेक्षा सपाट दिसतो, आणि त्याला इनसोलच्या आधी पोटरी ताणण्याच्या व्यायामाची गरज असते.

आता निकालावर खरेदी ठरवा. कमान उठते आणि काही दुखत नाही, तर इनसोल घेऊच नका. कमान उठते पण धावल्यावर नडगीच्या आतल्या कडेला किंवा तळव्याला दुखतं, तर पुढे सांगितलेला फोमचा इनसोल उपयोगी आहे. कमान उठत नाही, किंवा एकच पाय सपाट आहे, किंवा दाबल्यावर दुखतं, तर दुकान सोडून हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि उभं राहून, म्हणजे पायावर वजन असताना काढलेला एक्स-रे करा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत कमान आहे त्यापेक्षा चांगली दिसते, त्यामुळे तो या कामाचा नाही.

सगळ्यात स्वस्त मिळतो तो जेलचा पट्टा, तळव्याभोवती चढवायचा इलॅस्टिकचा, आत जेलची उशी असलेला. चालताना बरा वाटतो, पण धावायला घेऊ नये. घाम आला की तो फिरतो, उशी कमानीखालून बाजूला सरकते आणि इलॅस्टिकची कड चवड्याच्या मागे रुतून लाल वळ उठतो. मोज्याच्या आत घातला तर फोड येतो, वरून घातला तर बूट घट्ट होतो. आमच्याकडून याला नकार.

दुसरा प्रकार, पूर्ण लांबीचा जेलचा इनसोल, पाकिटावर ‘फ्री साइज, 6 ते 10’ लिहिलेला, बहुधा चमकदार निळा. पोरांना हाच जास्त भुरळ घालतो, कारण हाताला मऊ लागतो. त्याचे दोष दोन आणि दोन्ही मोठे. पहिला वजनाचा. किराणा दुकानातल्या काट्यावर त्याची जोडी आणि बुटासोबत आलेला मूळ इनसोल वजन करून बघा. प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले की धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे 1 टक्क्याने वाढते. अग्निवीरच्या भरती रॅलीत सोळाशे मीटरची धाव 5 मिनिटं 30 सेकंदांत संपवली तर पहिला गट आणि 60 गुण, 5:31 ला दुसरा गट आणि 48. या 330 सेकंदांत बुटातल्या वजनामुळे दोन-तीन सेकंद गेले, तर बारा गुणांचं नुकसान आहे.

दुसरा दोष मापाचा आणि तो जास्त घातक आहे. हा इनसोल पुढून कात्रीने कापून लहान करायचा असतो. लांबी कमी होते, पण कमानीचा उंचवटा जिथे 10 नंबरच्या पायासाठी साच्यात घातला आहे तिथेच राहतो. 6 नंबरच्या पायाला तो फार पुढे, जवळजवळ चवड्याच्या हाडांखाली येतो. तिथे उंचवटा बसला की अंगठ्याच्या सांध्याला वर वळायला जागा राहत नाही आणि वर सांगितलेली कमान उचलण्याची यंत्रणाच अडते. मुलींना हा त्रास सर्रास होतो, कारण 4-5 नंबरचा इनसोल दुकानात क्वचित असतो आणि मोठा कापून दिला जातो. कापायचाच असेल तर एका नंबरापेक्षा जास्त कापावा लागणार नाही असाच घ्या.

घेण्यासारखा प्रकार म्हणजे ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा, मध्यम कडक, नंबरप्रमाणे मिळणारा इनसोल. किंमत साधारण पाचशे ते बाराशेच्या घरात. ब्रँडच्या नावापेक्षा हाताने केलेली परीक्षा जास्त खरी ठरते. कमानीच्या उंचवट्यावर अंगठ्याने जोर द्या. तो थोडा दबून थांबला पाहिजे. पूर्ण सपाट झाला तर ती नुसती गादी आहे. अजिबात दबला नाही तर धावताना तळव्याला फोड येईल. मग दोन्ही टोकं धरून वाकवा: घडी चवड्याच्या जागी पडावी, मध्यावर पडत असेल तर परत ठेवा. टाचेची वाटी बघा. ती 10 ते 15 मिलिमीटर खोल हवी, कारण बाहेर कलणारी टाच सरळ धरण्याचं काम वाटीच करते. उथळ वाटीचा इनसोल कमानीला खालून ढोसतो आणि टाच मोकाट सोडतो. वरचं कापड सुती मोज्यावर घासून बघा, फार निसरडं नको. एवढं जमलं तर पाचशेचा इनसोलही पुष्कळ आहे. वापरून जुना झाला की तो पालथा करून बघा: आतल्या बाजूला फोम चेपून चकचकीत झालेला दिसतो आणि अंगठा रोवला तर खड्डा तसाच राहतो. तिथे त्याचं आयुष्य संपलं, वरचं कापड कितीही नवं दिसो.

पाऊण लांबीचा, म्हणजे चवड्याच्या मागेच संपणारा इनसोल पुढून निमुळत्या बुटात चांगला बसतो आणि हलका असतो. तो पुढे सरकू नये म्हणून टाचेखाली दुहेरी चिकटपट्टी लावावी लागते. पावसाळ्यात चिखलाच्या ग्राउंडवर ती टिकत नाही.

पायाचं माप घेऊन बनवलेला इनसोल सगळ्यांना लागत नाही. दोन पायांत मोठा फरक असेल, किंवा तयार इनसोल महिनाभर नीट वापरूनही दुखणं तसंच असेल, तरच त्याचा विचार करा. फोमच्या खोक्यात पाय दाबून, प्लास्टरने किंवा स्कॅनरने माप घेतात. माप घेताना टाच सरळ धरली की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. उभ्या-उभ्या नुसता ठसा घेऊन बनवलेला इनसोल तुमच्या बसलेल्या कमानीचीच नक्कल असतो, त्याला जास्त पैसे देऊ नयेत. घेताना दुरुस्ती किंमतीत धरली आहे का, ते विचारा, कारण पहिल्यांदा कुठेतरी टोचतंच आणि घासून घ्यावं लागतं. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिक्सचा, म्हणजे हातापायांना आधार देणारी साधनं बनवण्याचा, विभाग आहे. त्या बाजूच्या पोरांनी खासगी दुकानात हजारो रुपये मोजण्याआधी तिथे चौकशी करावी.

चांगला इनसोल वाया जातो तो बसवताना. बुटातला मूळ इनसोल आधी काढायचा. एकावर एक घातले की पाय वर उचलला जातो, टाच बुटाच्या कडेबाहेर येऊन घसरते, बोटं वरच्या कापडाला घासतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. मूळ इनसोल चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरची थोडी गरम हवा देऊन टाचेकडून सोलत जा. तो नमुना म्हणून नव्यावर ठेवा, पेनाने रेघ मारा आणि रेघेच्या बाहेरून कापा. मग बसेल तसं एकेक मिलिमीटर काढा. पुढची कड वर मुडपून बसली तर ग्राउंडच्या पहिल्या फेरीतच बोटाला फोड येईल.

पहिल्या दिवशी तासभर घरात किंवा कॉलेजला. रोज एक-एक तास वाढवा. आठवड्याने चालणं, दुसऱ्या आठवड्यात हळू जॉगिंग, वेगाचा सराव तिसऱ्या आठवड्यापासून. पोटरीला नवखा ताण जाणवणं ठीक आहे. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर कमान गरजेपेक्षा उंच आहे, वापर थांबवा. रॅलीला तीन आठवडे राहिले असतील तर नवा इनसोल आणि नवे बूट दोन्हींचा मोह टाळा, आहेत त्यावरच धावा.

घट्ट बुटाबद्दल इतकं सांगण्यामागे मोठं कारण आहे. लवचिक सपाट पाय मेडिकलला निघून जातो, पण घट्ट बुटाने आलेलं कुरूप अडवतं. वर सांगितलेल्या सैन्याच्या वैद्यकीय निकषांतच लिहिलं आहे की एखादं कुरूप, चामखीळ किंवा घट्टा असेल तर उपचारानंतर तीन महिने परत न आल्यावर उमेदवार फिट धरला जातो. अनेक असतील, किंवा तळव्याच्या भार पडणाऱ्या जागी मोठे घट्टे असतील, तर नापास. अंगठा शेजारच्या बोटांकडे वळलेला असेल तर 20 अंशांपेक्षा कमी, विनातक्रार आणि त्यावर कुरूप किंवा गाठ नसलेला चालतो. म्हणजे नुसता वळलेला अंगठा पास होऊ शकतो, त्यावर बुटाने कुरूप उठवलं तर होत नाही. इनसोल घातल्यावर सगळ्यात लांब बोट आणि बुटाचं टोक यांत अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिलीच पाहिजे. त्यासाठी बूट अर्धा नंबर मोठा लागला तर घ्या.

कुरूप झालंच तर मेडिकल स्टोअरमधली कॉर्न कॅप स्वस्त आहे आणि नीट वापरली तर काम करते. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, कोरडा करा आणि औषधाची चकती बरोबर कुरुपावर बसवा. चकतीतलं सॅलिसिलिक ॲसिड चांगल्या कातडीवर सरकलं तर तीही पांढरी पडून सोलते, म्हणून त्या दिवसांत धावू नका. ब्लेडने कुरूप कापणं बंद करा. खालचं मूळ राहतं, जखम चिघळते, आणि मेडिकलला ताजी जखमही दिसते. हे सगळं रॅलीच्या तीन महिने आधी उरकलेलं हवं.

इनसोलवर जेवढे पैसे घालाल, त्याहून जास्त वेळ तळव्याच्या स्नायूंवर घाला. यात हाडं बदलत नाहीत, पण चवड्यांवर उठण्याची ताकद आणि तोल नक्की सुधारतात, आणि डॉक्टर तपासतात त्या याच गोष्टी. बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढून कमान उचला, पाच सेकंद धरा, दहा वेळा, तीन फेऱ्या. बरेच जण बोटं वाकवून जमिनीत रुतवतात. तसं केलं की काम भलतेच स्नायू करतात. एका पायावर चवड्यांनी उठणं पंधरापासून सुरू करून पंचविसापर्यंत न्या, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही तऱ्हांनी, तीस-तीस सेकंद. आठवड्यातून दोनदा गवतावर किंवा मऊ मातीवर अनवाणी हळू धावा. डांबरी रस्त्यावर अनवाणी धावणं मात्र सोडा, नडगीच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा तो रस्ता आहे.

सपाट पायाची शस्त्रक्रिया करून ‘भरतीसाठी फिट’ करून देतो, असं कुणी सांगत असेल तर आई-वडिलांनी चार वेळा विचार करावा. ती शस्त्रक्रिया दुखणाऱ्या, चालणं अडवणाऱ्या पायासाठी आहे. न दुखणाऱ्या लवचिक पायात पेच बसवला तर मेडिकलला व्रण दिसतो आणि पुढचे प्रश्न तिथून सुरू होतात. मोडलेल्या हाडात बसवलेलं इम्प्लांट (धातूची पट्टी किंवा पेच) सुद्धा काढून ठरावीक काळ गेल्याशिवाय उमेदवाराला फिट धरत नाहीत, हे लक्षात ठेवावं.

मेडिकलच्या दिवशी पट्टी, टेप, पट्टा काहीही लावून जाऊ नका. टेपचे वळ पायावर राहतात आणि नसलेल्या दुखण्याची शंका येते. आदल्या दिवशी लांब धाव नको, कारण दमलेल्या पायाची कमान जास्त बसते. ‘चवड्यांवर उभा राहा’ म्हटलं की घाईने उसळू नका, सावकाश उठा, नजर समोर, आणि थांबा म्हणेपर्यंत थांबा. तिथे अनफिट लिहिलं तरी लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडून फेरतपासणीची संधी असते. रेफरलचा कागद हातात पडताच त्यावरचं रुग्णालय आणि हजर होण्याची मुदत वाचा. त्या मुदतीत ओळखपत्र, रॅलीचं प्रवेशपत्र आणि मूळ रेफरल घेऊन पोहोचा. वजनावर काढलेला एक्स-रे असेल तर तोही घ्या, पण पुढे करू नका, मागितला तर द्या. आणि रुग्णालयात साध्या चपलेत जा.